शाळा अंगणात आली होती तेव्हा

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढे झेंडूचे फूल ठेवायची चाल मराठी घरांत अजून टिकून आहे. मुलाच्या शिक्षणाचा मुहूर्त म्हणून पूर्वी एवढे पुरत असे. पुढे पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर ओनामा गिरवायला मूल जाई ते चांगले कळते झाल्यावर, आणि कुठल्या पंतोजींकडे घालायचे यावर घरात खल होत नसे, कारण गावात पंतोजी बहुधा एकच. आज हा खल मूल धड बोलायला लागण्याआधीच सुरू होतो. प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी अशा पायऱ्या, प्रत्येकीची वेगळी फी, प्रवेशअर्जासाठी पहाटेपासून रांगा, आणि रांगेत उभ्या असलेल्या आईबापांच्या मनात एकच धास्ती: इथे हुकले तर पुढे काय? पालक फार हावरे झाले म्हणून ही वेळ आली, असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. बालशिक्षणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आईबापांच्या नकाराला एके काळी वजन होते. मूल आले नाही तर शाळेला आपली जागा, वेळ आणि पद्धत बदलावी लागे. पुढे बालवाडी पहिलीच्या वर्गाला शिवली गेली आणि त्या नकाराची किंमत एवढी वाढली, की तो देणे कुणाला परवडेना. निवड करण्याचा त्रास आला तो तिथून.

ही कल्पना आली युरोपातून, आणि तिथेही तिची सुरुवात सुखवस्तू घरांच्या हौसेतून झाली नाही. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी आणि बागकाम. एवढ्या निरुपद्रवी गोष्टीवर प्रशियाच्या सरकारने १८५१ साली बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याचे समाजवादी विचार काकाच्या माथी मारले गेले, असे त्याचे कारण सांगतात. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर फ्रोबेल जाऊन आठ वर्षे झाली होती. मारिया माँटेसरीचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत उघडले, तेही एका घरबांधणी कंपनीच्या सोयीसाठी. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले जिन्यांत हुंदडत आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करत. दर वेळी रंगरंगोटी करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत कुणीतरी सांभाळलेले स्वस्त पडेल, असा कंपनीचा हिशेब. आज ज्या नावाची पाटी लावली की फी वाढते, ते नाव जन्मले चाळीच्या देखभालीच्या खर्चातून. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतल्या मुक्कामात फिलाडेल्फियाला किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. ते होते उच्चवर्णीय विधवा बायकांसाठी. बालशिक्षणाचे हे ज्ञान मराठी मुलखात आणणारी बाई स्वतः विधवा होती आणि विधवांसाठी झटत होती, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात उगाच तळटिपेत जाते.

पद्धत म्हणून बालशिक्षण इथे रुजवले ते गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून ताराबाई १९२३ मध्ये त्यांना मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. शिक्षणपत्रिकेतून, भाषणांतून आणि अध्यापनवर्गांतून ताराबाई सांगत राहिल्या ते थोडक्यात असे: मारू नका, भीती घालू नका, बक्षिसाची लालूच दाखवू नका, हाताला काम द्या, आणि मातृभाषेतून बोला. ते ऐकणारा वर्ग अर्थात दादर-गिरगावचा शिकलेला मध्यमवर्ग. अडचण साधनांचीही होती. माँटेसरीचा गुलाबी मनोरा पाहा. दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. प्रत्येक घन आधीच्यापेक्षा नेमका एका सेंटिमीटरने मोठा, म्हणजे मुलाची चूक मुलाच्याच डोळ्यांना दिसते, बाईंनी काही बोलायची गरज उरत नाही. कल्पना देखणी आहे. पण असे घन अचूक कापून रंगवायला चांगला सुतार हवा, आणि मनोरा हा त्या पेटाऱ्यातला फक्त एक नग. खुद्द माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला वर्ग घ्यायला आल्या आणि महायुद्धामुळे अडकून पडल्या. इटली शत्रुपक्षात गेल्यावर इंग्रजांनी त्यांचा मुलगा मारिओ याला काही काळ अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. जगभर शिशुवर्गांवर ज्यांचे नाव झळकणार होते त्यांच्या घरातला माणूस नगरला नजरकैदेत होता, हे नगरकरांनाही फारसे ठाऊक नसते.

१९४५ च्या डिसेंबरात ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. अनुताईंचे लग्न बालपणीच झाले होते आणि तेराव्या वर्षी वैधव्य आले होते. बालपण हिरावले जाणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, नारळाच्या आणि चिकूच्या वाड्यांचे. इथे शब्दाशी जरा थांबायला हवे. किंडरगार्टनला मराठीत बालोद्यान म्हणता आले असते, आणि काही जण म्हणतही. तो शब्द पाटीवर शोभतो, तोंडात बसत नाही. रुळला तो बालवाडी. कोकणपट्टीत वाडी म्हणजे बागही आणि वस्तीही. नारळाची वाडी आणि कोळ्यांची वाडी दोन्ही एकाच शब्दात. फ्रोबेलची बाग त्यात आली आणि शिवाय मूल जिथे राहते ती जागाही आली. ही दुसरी छटा बोर्डीच्या कामात लवकरच उपयोगी पडायची होती.

बालवाडी उघडली तरी सगळी मुले आली नाहीत. हरिजनवाड्यातली मुले तर येईनात. कारणे उघड होती: अस्पृश्यता, अंगावर धड कपडा नसणे, आईबाप पहाटेच कामावर गेलेले, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड. अशा वेळी पालकांमध्ये जागृती नाही असा शेरा मारून अहवाल मिटवणे सोपे होते. ताराबाईंनी साहित्य उचलून त्या वस्तीतच नेले. कुणाच्या तरी अंगणात बैठक मांडायची, मुलांची नखे काढायची, केस विंचरायचे, हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. लाकडी मनोऱ्याच्या जागी शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, काटक्या आणि माती. लहान-मोठे लावणे, मोजणे, रंग जुळवणे ही माँटेसरीचीच कामे, पण सुताराशिवाय होणारी. चिंचोके मूठभर सापडतात, हरवले तर कुणी ओरडत नाही, आणि फोडून एक बाजू पांढरी केली की त्यांचे फासेही होतात. अंगणात भरते म्हणून या बालवाडीचे नाव पडले अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले तेव्हा हाच विचार आणखी पुढे गेला. मुली धाकट्या भावंडांमुळे घरी अडकतात असे दिसले, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने बाळाला पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे; याचे नाव विकासवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. प्रत्येक वेळी क्रम एकच. मूल आले नाही, याचा अर्थ शाळेचे काहीतरी चुकले असा घेतला गेला.

यावर एक आक्षेप घ्यायलाच हवा आणि तो हलका नाही. शाळा हरिजनवाड्यात नेली म्हणजे गावातल्या मुलांशेजारी त्या मुलांना बसवण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला, भिंत जिथल्या तिथे राहिली. शिवाय अंघोळ-नखे-केस यांचा तो सारा सोपस्कार शहरातून आलेल्या पांढरपेशा नजरेचा होता. वारल्यांच्या मुलांना स्वच्छता शिकवणाऱ्यांना वारल्यांकडून काय शिकायचे होते, हे विचारणे रास्त आहे. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. अंगणवाडीने अस्पृश्यता मोडली असा दावा कुणी करू नये. माझा मुद्दा त्याहून अरुंद आहे. ज्या आईबापांच्या हाती पैसा नव्हता, अक्षर नव्हते, अर्ज करण्याची रीतही माहीत नव्हती, त्यांच्याकडे एकच हत्यार होते: मूल न पाठवणे. ते हत्यार बोर्डीत आणि कोसबाडला चालले. त्या नकाराने शाळेची जागा बदलली, वेळ बदलली, साधने बदलली. पालकांची निवड म्हणून आज जे काही सांगितले जाते, त्यात असा परिणाम घडवणारे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

शहरात याच सुमारास गोष्टी वेगळ्या दिशेने चालल्या होत्या. सुरुवातीची बालमंदिरे स्वतंत्र असत. एखाद्या बाईंच्या घरी, वाड्याच्या पडवीत, देवळाच्या ओवरीत किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत भरणारी. तिथे मूल दोन वर्षे रमायचे आणि पुढे जवळच्या कुठल्याही शाळेत पहिलीला जायचे. बाई आवडल्या नाहीत तर पलीकडच्या गल्लीतल्या बाईंकडे जाता येई आणि त्याने मुलाच्या पुढच्या शिक्षणाचे काही बिघडत नसे. हळूहळू मोठ्या शाळांनी आपल्याच इमारतीत शिशुवर्ग उघडले. शाळेच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. मुले आधीपासून ओळखीची होतात, फीचे उत्पन्न लवकर सुरू होते, पहिलीचा वर्ग आयता भरतो. पण पहिलीच्या जागा जर खालच्या वर्गातल्या मुलांनीच भरल्या, तर पहिलीचे दार प्रत्यक्षात तीन वर्षे आधी उघडते आणि तेव्हाच बंदही होते. आता पालक नर्सरी निवडत नाहीत. ते दहावीपर्यंतची शाळा निवडत असतात, तीही अशा वयात, जेव्हा मुलाला चित्रे आवडतात की मातीत खेळणे हेसुद्धा नीट कळलेले नसते. जागा कमी आणि उमेदवार जास्त झाले की चाळणी लागते. तीन वर्षांच्या मुलाची चाळणी करायची कशी? रंग विचारून, कविता म्हणायला लावून, आणि त्याहून सोपे म्हणजे आईबापांचे शिक्षण आणि इंग्रजी तपासून.

सरकारच्या हे ध्यानात आले नाही असे नाही. दप्तराच्या ओझ्याचा विचार करायला नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्ये नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असे सुचवले. ओझ्याचा माग काढत निघालेली समिती नर्सरीच्या दारापाशी पोचली, हे बोलके आहे. महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक प्रवेशांचे नियमन करणारा कायदा केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची छाननी करण्यास मनाई केली. वाचायला हे चोख वाटते, पण त्या कायद्यात मूल म्हणजे ६ ते १४ वर्षांचे. शाळा भरते तिसऱ्या वर्षी आणि कायद्याचे संरक्षण सुरू होते सहाव्या वर्षी. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हाच पेच आला. दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागा सोडल्या तर विनाअनुदानित खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशाला हा कायदा लागू होत नाही, असे न्यायालयाला म्हणावे लागले. कायद्याची भाषाच तशी होती. मुलाखतीवर बंदी घालून रोग बरा होत नाही याचे कारण नर्सरी आणि पहिलीच्या या शिवणीत आहे. मुलाखत काढली तर सोडत येते, सोडत काढली तर घराच्या अंतराचे गुण येतात, आणि घराचे अंतर शेवटी घराच्या किमतीवर येऊन थांबते. दार जोवर तीन वर्षे आधी बंद होत आहे, तोवर दारावरच्या पहारेकऱ्याचा फक्त वेष बदलत राहतो.

यावर कुणी म्हणेल की दोष शाळांवर कशाला ढकलायचा, इंग्रजीचा सोस तर पालकांचाच आहे. ताराबाई मातृभाषा सांगत राहिल्या आणि त्यांचेच वाचक आपल्या नातवंडांना इंग्रजी माध्यमात घालत गेले. हे खरे आहे, आणि त्याची लाज वाटण्यासारखीही स्थिती नाही. नोकरीच्या मुलाखतीत कुठली भाषा चालते ते आईबापांना शिक्षणतज्ज्ञांपेक्षा जास्त कळते. पण इंग्रजी हवी असणे आणि ती तिसऱ्या वर्षी हवी असणे या दोन गोष्टी आहेत. इंग्रजी शाळेचे दार पाचव्या-सहाव्या वर्षीही उघडे राहिले असते, तर कितीतरी घरांनी मधली वर्षे आजीच्या भाषेत काढली असती. घाई भाषेची नाही, जागेची आहे. तिसऱ्या वर्षी ए-बी-सी-डी लिहून दाखवण्याचा आग्रह पालक धरतात, कारण ते लिहिणारे मूल उद्याच्या चाळणीतून पार पडेल असे त्यांना वाटते. या हिशेबात वेडेपणा नाही. चाळणी नसती तर हिशेबही बदलला असता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बोर्डी आणि कोसबाड ही दोन ध्येयवेड्या बायकांची कामे. ती राज्यभर, देशभर कशी चालावीत? याचे उत्तर देण्याची संधी इतिहासाने दिली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव दिले गेले अंगणवाडी. ताराबाई त्याआधी दोनच वर्षे, १९७३ मध्ये, गेल्या होत्या. आपला शब्द देशाचा होताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. योजनेने खरोखरच केंद्र वस्तीत नेले, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणे, मातांना पोषण-आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीवर सोपवल्या गेल्या. आता सकाळच्या वेळी अंगणवाडी सेविकेच्या हातात काय असते ते पाहावे: वजनकाटा, आहाराची नोंदवही, गरोदर बायकांची यादी, अलीकडे त्यासोबत मोबाइलवरचे नोंदींचे ॲप. बाळाचे वजन नोंदले नाही तर वरून फोन येतो. गोष्ट सांगितली नाही तर येत नाही. ज्या कामाची नोंद होत नाही ते मागे पडते, हे सेविकेच्या आळसामुळे होत नाही. त्यात तिला पगार नाही, मानधन आहे. सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०२२ साल उजाडावे लागले. तेव्हा मोठ्या प्रमाणावर हे चालत नाही, असा निष्कर्ष मी काढणार नाही. मोठ्या प्रमाणावर नेताना शाळा अंगणात गेली, पण अंगणातून येणारा नकार ऐकण्याची सोय सोबत गेली नाही, एवढेच पुराव्यातून निघते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानले. शिकण्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. सहाव्या वाढदिवशी मुलाच्या डोक्यात काही कळ फिरत नाही, आणि पहिली-दुसरीत खेळ आणि हातकाम आले तर फ्रोबेलपासून ताराबाईंपर्यंत सगळ्यांचेच म्हणणे वरच्या वर्गात पोचेल. पण खासगी शाळांच्या दृष्टीने पाहिले, तर जी शिवण आजवर सोयीपोटी घातली गेली होती तिला आता धोरणाचा आधार मिळतो. एकच टप्पा म्हटल्यावर प्रवेशही एकदाच, म्हणजे तिसऱ्या वर्षी, असे म्हणणे सोपे जाईल. तिसऱ्या वर्षी सुरू झालेल्या वाटेवर पाचव्या किंवा सहाव्या वर्षी नव्याने येणाऱ्या मुलांसाठी जागा राखली जाणार की नाही, हे कुणी ठरवून लिहिले नाही तर जुनीच रांग नव्या नावाने उभी राहील.

गावोगावच्या आणि वस्त्यांमधल्या अंगणवाड्यांत मात्र आईबाप आजही जुन्याच रीतीने मत देत आहेत. नाव अंगणवाडीच्या हजेरीपत्रकावर असते, आहाराचा हिशेब त्या नावावर चालतो, वजनाच्या दिवशी मूल काट्यावर उभे राहते. एरवी ते गळ्यात टाय बांधून पलीकडच्या पत्र्याच्या खोलीतल्या इंग्लिश मीडियम नर्सरीत बसलेले असते, ज्या नर्सरीची फी बाप दर महिन्याला रोजंदारीतून काढून देतो. बोर्डीत मूल आले नाही तेव्हा ते जागेवर नाही हे डोळ्यांना दिसले होते. इथे हजेरीपत्रकावर त्या मुलापुढे बरोबरची खूण असते.